पिंड कशाचा?

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या कचेरीबाहेरचे बाकडे आठ दिवस रिकामे राहत नाही. बाप पुढे, मुलगा मागे, आणि हातात गुणपत्रिका. गुण कमी असोत की जास्त, प्रश्न एकच असतो. "सर, याला कुठं घालावं?" एखादा जुना, समजूतदार शेतकरी तोच प्रश्न अधिक चांगल्या शब्दांत विचारतो. "गुरुजी, पोराचा पिंड कशाचा हाय, तेवढं सांगा."

पिंड हा शब्द मला फार आवडतो. स्वभाव, कल, आवड, कुवत असे चार शब्द वापरूनही जे सांगता येत नाही, ते या एका शब्दात आहे. परंतु तीस वर्षे शिक्षकी करून आणि त्यातील काही वर्षे मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसूनही या प्रश्नाचे उत्तर मला पटकन देता येत नाही, हे आधीच कबूल करतो.

यंदा एक माता आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी हुशार. घरी मराठी, आजोळी तेलुगू, शेजारी दक्खनी उर्दू. आपल्या सीमेवरच्या कोणत्याही घरासारखे घर. शहरातल्या कोणा पाहुण्याने मुलीकडून व्यक्तिमत्त्व ओळखण्याची प्रश्नावली सोडवून घेतली होती. शेवटी तिच्या नावापुढे चार इंग्रजी अक्षरे उमटली आणि खाली तिला शोभतील अशा नोकऱ्यांची यादी. ती यादी माझ्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, "सर, एवढे प्रश्न विचारले, तरी ही कोण हे मला काही कळलं नाही बघा."

त्या रात्री मला राहून राहून गौलीगुड्याची आठवण येत होती. का येत होती, ते सांगण्यासाठीच हा लेख.

विमानांचे छप्पर, बसगाड्यांचे घर

आमच्या देगलूर-बिलोली भागातील माणसाला त्या काळी हैदराबाद म्हणजे आधी गौलीगुडा. गाडी मदनूर, पिटलम, जोगीपेठ, संगारेड्डी करीत शहरात शिरायची आणि गौलीगुड्याच्या प्रचंड लोखंडी छपराखाली जाऊन थांबायची. अर्ध्या पिंपासारखे ते गोल छप्पर लहानपणी मला आकाशाएवढे वाटे. पुढे कळले की ते १९३० साली विमाने ठेवण्यासाठी उभारलेले अमेरिकन बनावटीचे छप्पर होते. १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने सत्तावीस गाड्या आणि एकशे सहासष्ट नोकर यांच्यानिशी बसवाहतूक सुरू केली, तेव्हापासून त्या छपराखाली विमानांऐवजी बसगाड्या आल्या. १९९४ साली मोठे बसस्थानक जवळच इमलीबन येथे गेले, तरी जुन्या जागेतून शहरातल्या गाड्या सुटतच राहिल्या. ५ जुलै २०१८ रोजी ते छप्पर कोसळले. विमानांसाठी बांधलेले हे छप्पर लोकांच्या आठवणीत राहिले ते बसगाड्यांचे घर म्हणून.

मी १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे इतिहासात एम. ए. करण्यासाठी हैदराबादेत होतो आणि राहण्यास गौलीगुड्यात आत्याकडे होतो. गवळ्यांची वस्ती ती गौलीगुडा, असे तेथील जुने लोक सांगतात. त्यातला 'गौली' आपल्या गवळ्याचा सख्खा भाऊ आणि 'गुडा' तेलुगू. म्हणजे वस्तीचे नावच आपल्यासारखे दुभाषी. एका गल्लीत मराठी वाडा, पुढे तेलुगू दुकानदार, त्यापुढे मारवाडी पेढी, कोपऱ्यावर इराण्याचे हॉटेल, आणि सगळ्यांना जोडणारी उर्दू. आत्या भाजीवाल्याशी तेलुगूत घासाघीस करी, शेजारणीशी मराठीत त्याची हकीकत सांगे, आणि रिक्षावाल्यावर रागावण्याचा प्रसंग आलाच तर उर्दूत रागावे.

आत्याचे यजमान, त्यांना आम्ही मामा म्हणत असू, एका लहान छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे जुळविण्याचे काम. मराठी आणि तेलुगू, दोन्ही लिप्यांचे खिळे त्यांची बोटे न पाहता उचलीत. पगार बेताचा, डोळ्यांवर जाड भिंगे. पण संध्याकाळी घरी येताना हा गृहस्थ गुणगुणत जिना चढे. मी एकदा विचारले, "मामा, तुम्ही हेच काम का घेतलंत?" ते म्हणाले, "घेतलं कुठं? कारकून व्हायला आलो होतो. जागा रिकामी नव्हती म्हणून खिळे साफ करायला बसवलं. महिनाभरानं बोटांनाच कळालं की हे आपलं काम हाय. डोक्याला कळायला अजून वर्ष लागलं."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेले. एम. ए. करणाऱ्याला जुळाऱ्याचे वाक्य शहाणपणाचे वाटत नाही.

एक चित्रकार

गौलीगुड्याला लागून जांबाग आहे आणि तेथे विवेकवर्धिनी. निजामी राजवटीत, सरकारी शिक्षणावर उर्दूचा पगडा असताना, मराठी मुलांना आपल्या भाषेत शिकता यावे म्हणून १९०७ साली ही पाठशाळा निघाली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक ही हैदराबादच्या सार्वजनिक जीवनातील मोठी माणसे तिच्यामागे उभी होती. कोरटकर वकील, पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. याच मंडळींत आणखी एक नाव घेतले जाते, ते पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे. वेदांचे भाष्यकार म्हणून त्यांचे नाव आपण ऐकलेले असते. ते हैदराबादेत आले होते मात्र चित्रकार म्हणून.

सातवळेकरांचा जन्म १९ सप्टेंबर १८६७ रोजी सावंतवाडी संस्थानातील कोलगावचा. घरी वेदविद्येची परंपरा, संस्कृत लहानपणी झालेले. पण हाताला चित्रकलेची ओढ. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले, तेथील मेयो पदक मिळविले आणि १९०० च्या सुमारास हैदराबादेत येऊन चित्रशाळा काढली. निजामाच्या राजधानीत अमीर-उमरावांना तसबिरी काढून घेण्याची हौस दांडगी. धंदा उत्तम चालला. आजच्या भाषेत बोलायचे तर मुलगा 'सेटल' झाला. त्यांच्या वडीलमाणसांनी याहून अधिक काय मागितले असते?

परंतु संध्याकाळी चित्रशाळा बंद झाल्यावर हा चित्रकार काय करीत होता, ते पाहण्यासारखे आहे. तो आर्यसमाज आणि थिऑसॉफी यांच्या मंडळींत बसून वेदांवर चर्चा करीत होता, व्याख्याने देत होता, लिहीत होता. वेदांतल्या मातृभूमीविषयीच्या सूक्तांचा तो जो अर्थ लावी, त्याने ऐकणाऱ्यांच्या मनात स्वराज्याची आच उत्पन्न होई. हे रेसिडेंट साहेबांच्या नजरेस आल्यावाचून कसे राहील? सातवळेकरांना हैदराबाद सोडावे लागले. पुढे हरिद्वारजवळचे गुरुकुल कांगडी. कोल्हापूरच्या 'विश्ववृत्त' मासिकातील त्यांच्या लेखावरून १९०८ साली उभा राहिलेला राजद्रोहाचा खटला. मग लाहोरास पुन्हा चित्रशाळा. आणि शेवटी १९१८ च्या सुमारास सातारा भागातील औंध संस्थान. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. तेथे सातवळेकरांनी स्वाध्याय मंडळ स्थापिले आणि वेदसंहितांचे शुद्ध पाठ छापणे, त्यांचे सुबोध अर्थ लावणे, सामान्य माणसाला घरबसल्या संस्कृत शिकता येईल अशी पुस्तके लिहिणे या कामाला वाहून घेतले. १९४८ साली औंध सोडून गुजरातेत पारडी येथे गेल्यावरही ते काम थांबले नाही. १९६८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी, ३१ जुलै रोजी, शंभर वर्षांचे आयुष्य पुरे करून ते गेले.

आता हिशेब करून पाहा. औंधला काम सुरू झाले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. आपल्याकडे या वयात माणूस निवृत्तीवेतनाचे कागद पाहू लागतो. त्यांच्या खऱ्या कामाची पन्नास वर्षे पुढेच होती. मग आधीची चित्रकला वाया गेली काय? मला तसे वाटत नाही. तसबीर काढताना एक रेघ चुकली तर माणूस दुसराच होतो; संहितेत एक स्वर चुकला तर अर्थ दुसरा होतो. डोळ्यांना लागलेली ती शिस्त त्यांनी एका कामातून दुसऱ्यात नेली असावी. जे काम पोटासाठी केले, तेही त्यांना आपल्या पिंडाकडे घेऊन गेले.

सातवळेकरांना चोवीस-पंचविसाव्या वर्षी कोणी प्रश्नावली दिली असती तर तिने 'चित्रकार' असेच उत्तर दिले असते, आणि ते उत्तर खोटेही नसते. फक्त ते पुरे नसते.

कागदावरचा स्वभाव

या प्रश्नावल्यांना मी नावे ठेवीत नाही. त्यांनाही इतिहास आहे आणि तो चांगल्या हेतूचा आहे. अमेरिकेत बोस्टन शहरी फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थाने १९०८ साली गरीब तरुणांना धंदा निवडण्यास मदत करणारी कचेरी उघडली. त्याचे सूत्र साधे होते: आधी स्वतःला ओळखा, मग कामे कोणती आहेत ते नीट समजून घ्या, आणि मग दोहोंचा मेळ घाला. १९२१ साली स्वित्झर्लंडमधील कार्ल युंग याने माणसांच्या मानसिक प्रकारांवर ग्रंथ लिहिला. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे आपण सर्रास वापरतो ते शब्द त्याच्यामुळे जगभर गेले. त्याचे विचार वाचून कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स या दोघींनी ती चार अक्षरांची प्रश्नावली तयार केली. दुसऱ्या महायुद्धात कामावर जाऊ लागलेल्या स्त्रियांना आपापल्या स्वभावाचे काम मिळावे, ही त्यामागची तळमळ.

पुढच्या मानसशास्त्रज्ञांनी मात्र तिच्यातली उणीव दाखविली. तोच माणूस काही आठवड्यांनी पुन्हा प्रश्न सोडवितो आणि पुष्कळदा त्याची अक्षरे बदललेली निघतात. शिवाय माणसे दोन कप्प्यांत वाटली जात नाहीत. बहुतेक सर्व मधेच कुठेतरी असतात. प्रश्नावलीने संभाषणाला सुरुवात होते, एवढे तिचे मोल जरूर मानावे. आपल्या परंपरेने स्वधर्म म्हटले तेव्हा तोही शब्द कर्माच्या संदर्भातच आला, हे विसरू नये. रणांगणावर समोर काम उभे राहिले तेव्हाच अर्जुनाला आपण कोण हा प्रश्न पडला. राजवाड्यात बसून पडला नाही.

सभागृहातला गोंगाट

युंगचा ग्रंथ निघाला त्याच १९२१ साली, नोव्हेंबरात, विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम राज्याची सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. अध्यक्षांचे चरित्रही आपल्या विषयाला धरूनच आहे. कोकणातल्या मुरूडचा हा मुलगा परीक्षेसाठी पायी साताऱ्यास गेला आणि लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. पुढे तो फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. १८९६ साली त्याने विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ. गणित ही कर्व्यांची उपजीविका होती. त्यांचे जीवन दुसरीकडे होते, आणि ते त्यांना सापडले समोर दिसणाऱ्या विधवांच्या दुःखातून.

अशा थोर पुरुषाच्या अध्यक्षतेखाली परिषद चालू होती. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणे झाली. मग आलमपल्ली व्यंकटरामराव नावाचे वकील बोलण्यास उठले आणि आपल्या मातृभाषेत, म्हणजे तेलुगूत, बोलू लागले. त्याबरोबर श्रोत्यांतून गोंगाट सुरू झाला, टवाळी झाली, आणि त्यांना बोलणे अशक्य झाले. ज्या शहरात तेलुगू माणसे एवढ्या संख्येने राहतात, तेथे तेलुगू बोलणे हा हसण्याचा विषय झाला! आणि झाला तो कुठे, तर आपल्या भाषेची उपेक्षा होते म्हणून आपण काढलेल्या पाठशाळेच्या नाट्यगृहात. हे लिहिताना मराठी माणूस म्हणून माझी मान खाली जाते.

त्याच रात्री टेकमाल रंगराव यांच्या घरी काही तेलुगू मंडळी जमली आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. माडपाटी हनुमंतराव यांनी त्या कामाची धुरा वाहिली. वाचनालये निघाली, तेलुगू मुलींची शाळा निघाली. तेलंगणात कवीच नाहीत, या आक्षेपाला सुरवरम प्रतापरेड्डी यांनी १९३४ साली तीनशे चोपन्न कवींचा संग्रह काढून उत्तर दिले. त्याआधी १९३० साली जोगीपेठेस, आमची बस ज्या गावाहून जाई त्या गावी, आंध्र महासभेचे पहिले अधिवेशन भरले होते. अपमानाच्या त्या एका रात्री एका समाजाने आपला पिंड ओळखला, असे म्हणावे लागते. परंतु प्रत्येक अपमानातून असे काही निघते, अशा समजुतीत कोणी राहू नये. पुष्कळ अपमानांतून काहीही निघत नाही. माणूस फक्त गप्प होतो.

माझा अपराध

ही हकीकत मी एम. ए. च्या दिवसांत हैदराबादेत वाचली. घरी येऊन मामांना मोठ्या आवेशाने सांगितली. आपल्या लोकांनी केवढी चूक केली, मी त्या सभेत असतो तर उठून उभा राहिलो असतो, वगैरे वगैरे. मामा चष्मा पुसत म्हणाले, "उभं राहायचं का बसायचं, ते त्या वेळी कळतंय बाबा."

त्यानंतर पाच वर्षांनी, १९९७-९८ साली, मी एका शाळेत आठवीला मराठी शिकवीत होतो. 'माझा आवडता छंद' हा निबंध दिला होता. वर्गात एक मुलगा होता, घरी तेलुगू बोलणारा. त्याने लिहिले होते की, त्याचे आजोबा गावोगाव जाऊन बुर्रकथा सांगत आणि तोही त्यांच्याबरोबर गात असे. मराठी त्याची मोडकीतोडकी. आणि गाण्याच्या ओळी त्याने सरळ तेलुगू अक्षरांत लिहून टाकल्या होत्या. मी ती वही वर्गात उंच धरली. "हे बघा, हा मराठीचा निबंध की जिलब्यांचं ताट?" असे काहीतरी बोललो. वर्ग खो खो हसला. मीही हसलो. तो मुलगा हसला नाही. वही परत घेऊन बसला.

त्यानंतरच्या निबंधांत त्याने क्रिकेट हा छंद लिहिला, सर्वांनी लिहिला तसाच. त्याला माझ्याकडून चांगले गुण मिळाले.

तो प्रसंग मी विसरूनही गेलो होतो. २०१६ साली निजामाबादेस एका लग्नात एक गृहस्थ येऊन पाया पडले. "सर, ओळखलंत का?" तोच विद्यार्थी. कापडाचे दुकान होते, बरे चालले होते, दोन मुले शाळेत जात होती. बोलता बोलता मी विचारले, "काय रे, तू गायचास ना? आजोबांची ती कथा?" तो जरा थांबला. "ते सुटलं, सर." मग थोड्या वेळाने, जणू मला बरे वाटावे म्हणून, म्हणाला, "कधी कधी रात्री दुकान बंद केल्यावर लिहितो. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर." कोणत्या अक्षरांत, हे मी विचारले नाही. विचारण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

त्याने मला दोष दिला नाही. त्याला कदाचित आठवतही नसेल, असे मी स्वतःला सांगून पाहिले. पण आठवत नसते तर सुटले कशाने? आणि मला बाविसाव्या वर्षी विवेकवर्धिनीच्या सभेची हकीकत तोंडपाठ होती! इतिहास वाचून माणूस शहाणा होतोच असे नाही, याचे उदाहरण दुसरीकडे शोधण्याची मला गरज पडली नाही.

मराठी घरातला तेलुगू कवी

त्या लग्नावरून परतताना मला काळोजी नारायणराव आठवले. तेलंगणचे लोककवी म्हणून त्यांना सारे ओळखतात. ९ सप्टेंबर १९१४ हा त्यांचा जन्मदिवस. २०१४ पासून तेलंगणात तो तेलंगण भाषादिन म्हणून पाळला जातो. १९९२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, २००२ साली ते वारले. आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते ते हे, की काळोजींचे वडील मराठी होते आणि आई कन्नड. जन्म विजापूर जिल्ह्यातील रट्टीहळ्ळीचा, बालपण वरंगळजवळच्या मडिकोंड्याचे, आणि काही काळ शिक्षण हैदराबादेत, गौलीगुड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावरील सुलतान बाजारच्या शाळेत. थोरले बंधू रामेश्वरराव उर्दूत कविता करीत. एका मराठी घरातला एक मुलगा उर्दू कवी झाला, दुसरा तेलुगू.

काळोजींनी कायद्याचे शिक्षण घेतले, पण वकिलीत त्यांचे मन रमले नाही. निजामी राजवटीत तुरुंगवास झाला, वरंगळमधून हद्दपारी झाली. त्यांच्या कवितासंग्रहाचे नाव 'ना गोडव', म्हणजे माझी कटकट. पुस्तकी, परीटघडीच्या तेलुगूपेक्षा शेतात, बाजारात बोलली जाणारी तेलुगू त्यांनी आपली मानली आणि तिच्यासाठी जन्मभर भांडले. आईच्या भाषेत किंवा बापाच्या भाषेत लिहिले नाही म्हणून काळोजी घराला पारखे झाले काय? त्यांना ज्या माणसांविषयी बोलावयाचे होते, ती तेलुगू बोलत होती. हृदय जिकडे गेले, भाषा तिकडे गेली.

याच्या उलट दिशेचेही उदाहरण आहे. वरंगळ-करीमनगर भागातले पी. व्ही. नरसिंहराव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, मराठी उत्तम शिकले आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. पुढे ते पंतप्रधान झाले. राजकारणातल्या एवढ्या धकाधकीत ज्याला एका मराठी विधवेचे दुःख तेलुगू वाचकाला सांगावेसे वाटले, त्याच्या पिंडाचा एक भाग कोणत्याही पदाने व्यापलेला नव्हता.

आपण सीमेवरची माणसे मुलांना फार लवकर निवड करावयास लावतो. मराठी की तेलुगू? मराठी की कन्नड? नोकरी की आवड? आणि निवड झाली की उरलेले टाकून देण्यास सांगतो. गौलीगुड्याच्या परिसराचा हा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर तेथे समाधानी झालेली माणसे काही टाकून देणारी दिसत नाहीत. चित्रकाराने डोळा सांभाळला, प्राध्यापकाने नेमकेपणा सांभाळला, मराठी बापाचा मुलगा तेलुगूत गायला, आणि माझ्या मामांनी दोन्ही लिप्यांचे खिळे दोन हातांनी उचलले.

मुलीचे उत्तर

आता त्या मुलीकडे येतो. दुसऱ्या दिवशी मी त्या मायलेकींना पुन्हा बोलावून घेतले. चार अक्षरांचा कागद बाजूला ठेवला आणि मुलीला एकच विचारले, "शाळा सुटल्यावर, कोणी सांगितलं नसताना तू काय करतेस, बाळ?" ती लाजली. आईच म्हणाली, "काय करतीय सर, बापासंगं आडतीवर जाती धर्माबादला. मिरचीच्या दिवसांत तिकडले तेलुगू शेतकरी येतात. आडत्याचं त्यांना सांगती, त्यांचं आडत्याला सांगती. भाव ठरेपर्यंत हालत नाही. मी रागावते, आडतीवर पोरीचं काय काम?"

मुलगी हळूच म्हणाली, "सर, दोघंही बरोबर असतात. फक्त एकमेकांना कळत नसतं."

मी आयुष्यात पुष्कळ निबंध तपासले. असे वाक्य फार थोड्यांत आढळले. हिने पुढे काय व्हावे, हे मला त्या दिवशीही सांगता आले नाही. वकील होईल, दुभाषी होईल, शिक्षिका होईल, की आडतच चालवील, ते तिला काम करता करता कळेल. कदाचित उशिरा कळेल, आणि त्यात बिघडत नाही. आईंना मी एवढेच म्हणालो, "ताई, कोणत्याही शाखेला घाला. पण आडतीवर जाणं बंद करू नका. आणि तेलुगू लिहायला-वाचायला शिकू द्या." त्यांनी मान डोलावली. पटले की नाही, देव जाणे.

मागच्या हिवाळ्यात हैदराबादेस जाणे झाले. गौलीगुड्यात त्या जुन्या छपराच्या जागेजवळ थोडा वेळ उभा राहिलो. आत्या नाही, मामा नाहीत, छापखान्यात आता शिशाचे खिळे नाहीत. विवेकवर्धिनीत मुले येत-जात होती आणि फाटकाशी मराठी, तेलुगू, हिंदी असे एकत्र बोलणे चालले होते. कोणी कोणाला हसत नव्हते. मी पिशवीतून नवी वही काढली, जवळच्या दुकानातून घेतलेली, चांगल्या कागदाची. निजामाबादेस उतरून ती त्या विद्यार्थ्याच्या दुकानी दिली. "हिशेबासाठी नाही," एवढेच म्हणालो.

त्याने ती गल्ल्याखाली ठेवली. तिच्यात काही लिहिले गेले की नाही, मला ठाऊक नाही. या दिवाळीला त्याच्या घरी जाण्याचे ठरविले आहे. या वेळी विचारीन, कोणत्या अक्षरांत लिहितोस. आणि तो वाचून दाखवील तर कळो न कळो, बसून ऐकेन.